बडोद्याचा उन्हाळी पाहुणचार

उन्हाळ्याची सुटी लागली की ज्यांना परवडते ती कुटुंबे महाबळेश्वराच्या, माथेरानच्या नाहीतर अबूच्या वाटेला लागतात. परंतु बहुसंख्य कुटुंबांची सुटी थंड हवेच्या विचाराने ठरत नसते. ती ठरते मामाच्या मुलीच्या लग्नतिथीने, एखाद्या मुंजीच्या आमंत्रणाने, किंवा म्हाताऱ्या आत्याला भेटून बरीच वर्षे झाली ह्या जाणिवेने. अशा कुटुंबांपैकी कित्येकांची गाडी ऐन वैशाखात बडोद्याच्या स्टेशनावर येऊन थांबते. १७३४ पासून हे शहर गायकवाडांकडे कायमचे राहिले; १९४९ च्या १ मे रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० साली शहर गुजरातेत गेले. राज्ये बदलली तरी दांडिया बाजारातली आणि रावपुऱ्यातली मराठी बिऱ्हाडे तिथेच राहिली, आणि त्यांच्याकडे येणारे पाहुणेही येतच राहिले.

ह्या पाहुण्यांपुढे प्रश्न असतो तो कार्य आटोपल्यानंतरच्या तीन-चार दिवसांचा. घरात मुले कंटाळलेली, बाहेर पारा चाळीस अंशांच्या पलीकडे गेलेला, आणि यजमानांना आग्रह करण्याची हौस असली तरी दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची छाती नाही. अशा वेळी 'बडोद्यात उन्हाळ्यात पाहण्यासारखे काय आहे?' असा प्रश्न निघतो, आणि बहुधा त्याचे उत्तर एका मोठ्या वातानुकूलित दुकानसंकुलात शोधले जाते. तशी संकुले हल्ली प्रत्येक शहरात आहेत. बडोद्याला येऊन तेच पाहायचे असेल तर रेल्वेचे भाडे वाया गेले असेच म्हणावे लागेल.

वस्तुतः बडोदे हे उन्हाची दखल घेऊन घडविलेले शहर आहे. तिसरे सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ साली बाराव्या वर्षी ते दत्तक आले आणि १८८१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती राज्यकारभार आला. त्यानंतरच्या अर्धशतकात शहरात जी मोठी बांधकामे झाली, त्यांतली बरीचशी आजच्या प्रवाशाला सावली, पाणी आणि दुपारचा निवारा देतात. शहराची ही ठेवण ध्यानात घेऊन दिवस आखला तर वैशाखही सुसह्य होतो. ती विसरली तर पहिल्याच दिवशी एखाद्या मुलाला ऊन लागते आणि उरलेले दिवस कैरीचे पन्हे आणि ओल्या पट्ट्या करण्यात जातात.

दिवसाचा आरंभ सयाजीबागेत व्हावा. जुने बडोदेकर ह्या बागेला कमाटी बाग म्हणतात, आणि रिक्षावाल्यालाही तेच नाव लवकर कळते. १८७९ साली तयार झालेली ही बाग सुमारे ११३ एकरांची असून विश्वामित्री नदी तिच्यामधून वाहते. दरवाजाजवळच्या चौकात सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे. डर्वेंट वूड ह्या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा १९०७ सालचा. धातूचा रंग काळवंडला, आणि महाराजांऐवजी घोड्याचेच नाव चौकाला मिळाले. आज 'काळा घोडा' म्हणजे बडोद्यातली पत्ता सांगण्याची सर्वांत मोठी खूण होय.

सकाळी सहाच्या सुमारास बागेत शिरावे आणि नऊ वाजता बाहेर पडावे, असा नियम मोठ्यांनी स्वतःला घालून घ्यावा. त्या तीन तासांत चिंच, वड, निंब ह्यांच्या सावलीत वारा असतो, फिरायला येणाऱ्या वृद्धांच्या गप्पा रंगात आलेल्या असतात, आणि मुलांना धावायला मोकळी जमीन मिळते. मुलांचे पाय प्रथम फुलांच्या घड्याळाकडे वळतात. जमिनीवर फुलझाडांची तबकडी आणि तिच्यावर फिरणारे मोठे काटे, असे हे घड्याळ आहे. त्याचे यंत्र जमिनीखाली असते, हे सांगितल्यावर मुले वाकून वाकून पाहू लागतात. प्राणिसंग्रहालयाचे दार उघडण्याची वेळ आणि साप्ताहिक सुटीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्यावा. बागेतली छोटी आगगाडी हा बडोद्यात वाढलेल्या अनेकांच्या बालपणाचा ठेवा आहे. परंतु ती चालू आहे की नाही हे दाराशीच विचारावे, आणि मगच मुलांना तिचे आमिष दाखवावे. रुळांच्या आसपास लहान मुलाचा हात सोडू नये, हे सांगायला नकोच.

नदीवरच्या पुलावर मात्र थोडा वेळ थांबण्यासारखे आहे. विश्वामित्रीत मगरी आहेत. त्या कुठल्या पिंजऱ्यातल्या नव्हेत, नदीतच राहणाऱ्या आणि नदीतच वाढणाऱ्या आहेत. उन्हाळ्यात पाणी कमी झाले की चिखलाच्या काठावर एखादी मगर ओंडक्यासारखी पडून ऊन घेताना दिसते. लाखो वस्तीच्या शहराच्या मध्यभागी शेकडो मगरी नांदत असल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल. २०२४ च्या ऑगस्टात नदीला मोठा पूर आला तेव्हा ह्याच मगरी वस्त्यांतून शिरल्या होत्या आणि लोकांनी त्यांना पकडवून पुन्हा नदीत नेऊन सोडले होते. पुलावरून पाहावे, काठाला उतरू नये.

ह्याच बागेत एक जागा अशी आहे की तिथे मुलांनी खेळ थांबवून थोडा वेळ बसावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले होते. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यासाठी ते १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या ह्या तरुणाला शहरात राहायला घर मिळेना. नाव लपवून त्यांनी एका पारशी वसतिगृहात आसरा घेतला. थोड्याच दिवसांत ते कोण आहेत हे कळले, आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दोन स्नेह्यांकडे त्यांनी विचारणा केली. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. तेव्हा मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कमाटी बागेत बसून काढले. पुढे त्यांनी स्वतःच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. ते वडाच्या झाडाखाली बसले होते असे लोक सांगतात, आणि ती जागा आज 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते. दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे दूरदूरची माणसे जमतात.

बडोद्याला येणाऱ्या मराठी कुटुंबाने ही जागा टाळून पुढे जाऊ नये. राजाने बाग सर्वांना खुली केली होती, शिष्यवृत्ती दिली होती, नोकरीही दिली होती. घराचे दार उघडणे तेवढे शहरातल्या माणसांच्या हाती होते, आणि ते त्यांनी उघडले नाही. त्या माणसांत मराठी घरेही होती, हे विसरून चालणार नाही. पाहुणा म्हणून बडोद्यात ज्यांचे आज अगत्य होते त्यांनी मुलांना ही हकीकत ह्याच बागेत, सावलीत बसवून सांगावी. पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा ती त्यांच्या अधिक ध्यानात राहील.

ऊन चढू लागले की बागेच्या आवारातल्याच वस्तुसंग्रहालयाचा आश्रय घ्यावा. इमारत १८९४ साली पुरी झाली. जाड भिंती, उंच छत आणि लांब दालने ह्यांमुळे बाहेरच्या मानाने आत पुष्कळ सुखावह वाटते. मुलांना ओढून न्यावे लागत नाही. कारण तिथे एका निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. माही नदीच्या मुखाशी सापडलेला हा मासा सुमारे ७० फूट लांबीचा. बडोदे समुद्रापासून दूर, आणि तरीही एवढा मासा इथे कसा, हा प्रश्न मुले विचारतातच. त्या निमित्ताने खंबायतचे आखात, भरती-ओहोटी आणि माहीचे मुख नकाशावर दाखविता येते. इजिप्तमधील ममीसमोरही अशीच गर्दी असते.

मोठ्यांनी मात्र अकोट्याच्या धातुमूर्ती पाहिल्याशिवाय परत फिरू नये. अकोटा हा आज बडोद्याचा एक भाग आहे. तेथे १९५१ साली जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. त्यांत पाचव्या-सहाव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतच्या मूर्ती आहेत. त्यांतील चामरधारिणीची मूर्ती आकाराने लहान. पण तिच्या उभे राहण्यात असा डौल आहे की पाहणारा नकळत आपली मान सरळ करतो. शेजारच्या चित्रशाळेची इमारत १९१४ साली तयार झाली. तिच्यासाठी युरोपात निवडलेली चित्रे महायुद्धामुळे अडकून पडली, आणि चित्रशाळा लोकांना खुली होण्यास १९२१ साल उजाडले. ही निवड करणारे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन हे होते. आपल्या प्रजेतल्या ज्या माणसाला विलायतेस जाणे कधीच शक्य नाही, त्याला विलायतेची चित्रे इथेच पाहायला मिळावीत, अशी ही योजना होती. आज कोणतेही चित्र घरबसल्या पडद्यावर दिसते. तरी रंगाचा थर आणि चित्राचे खरे आकारमान समोर उभे राहिल्यावाचून कळत नाही.

दुपारी एक ते चार ह्या वेळेबद्दल वाद नको. ही वेळ घरात काढावी. वैशाख-ज्येष्ठात बडोद्याच्या घरी आमरस-पुरीचा बेत असतो, आणि तो करणारी घरे मराठी आणि गुजराती दोन्ही असतात. गुजराती शेजारीण राजापुरी कैरीचा छुंदा उन्हात ठेवते, मराठी वहिनी साखरांबा घालते, आणि भिंतीवरून वाट्यांची देवाणघेवाण होते. पाहुण्या मुलांना ह्या दोन पदार्थांतला फरक ओळखण्याची परीक्षा द्यावी. जेवणानंतर पेलाभर ताक घेऊन जो झोपला तो चारपर्यंत उठत नाही.

चार-साडेचारनंतर लक्ष्मीविलास राजवाडा. १८७८ साली मेजर चार्ल्स मँट ह्यांच्या आराखड्याप्रमाणे काम सुरू झाले. त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम ह्यांनी ते १८९० साली पुरे केले. हा वाडा अमुक राजवाड्याच्या इतके पट मोठा आहे, ही तुलना प्रत्येक वाटाड्या ऐकवितो; तिच्याकडे लक्ष न देता दरबार-दालनातली रंगीत काचचित्रे पाहावीत. कलत्या उन्हात त्यांचे रंग जमिनीवर उतरतात, आणि ह्याच कारणासाठी संध्याकाळची वेळ साधावी. आवारातच महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. राजपुत्रांच्या शाळेसाठी बांधलेल्या ह्या इमारतीत आता राजा रविवर्मा ह्यांची चित्रे आहेत. रविवर्मा १८८१ साली राज्यारोहणप्रसंगी बडोद्यास आले, आणि पुढे महाराजांनी त्यांच्याकडून पुराणकथांवरची चौदा चित्रे करवून घेतली. १८९४ साली रविवर्म्यांनी स्वतःचा छापखाना काढला. तो काही काळाने लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापील चित्रांनी महाराष्ट्रातल्या देवघरांच्या भिंती भरल्या. म्हणून ह्या दालनात आल्यावर घरातली आजी एखाद्या चित्रासमोर थबकते. 'हे तर आमच्या माजघरात होते,' असे तिच्या तोंडून निघते. मुलांना मात्र आपल्या आजीच्या माजघरातले चित्र राजवाड्यात का लावले आहे हे कळत नाही. दोन्ही संग्रहालयांचे सुटीचे वार वेगळे असू शकतात आणि प्रवेशाचे दरही भिन्न आहेत. मोठ्या कुटुंबाने खर्चाचा अंदाज आधी घ्यावा.

ज्यांना राजवाड्याचे तिकीट जड वाटते त्यांचे फारसे बिघडत नाही. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे. संस्थानचे दिवाण विठ्ठल खंडेराव तांबेकर ह्यांचा हा चार मजली वाडा एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिचित्रांनी भरलेला असून पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. लाकडी जिना अरुंद आहे, पण वर जाण्याचे सार्थक होते; मराठा सरदार, कृष्णलीला आणि साहेब लोक एकाच भिंतीवर सुखाने नांदताना दिसतात. विश्वामित्रीच्या पुलाजवळचे कीर्तिमंदिर १९३६ चे. तिथे शांतिनिकेतनचे नंदलाल बोस ह्यांनी भिंतीवर महाभारत, गंगावतरण आणि मीरेचे जीवन रंगविले आहे. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही दुपार चांगली जाते. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन ह्यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारले. आपल्या राजवाड्यातले सुमारे वीस हजार ग्रंथ त्यांनी लोकांसाठी देऊन टाकले. कपाटांच्या मजल्यांना काचेची फरशी आहे, म्हणजे वरून आलेला उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोहोचावा. खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तके जात असत. ज्या राज्यात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते, तिथे शिकलेल्याला वाचायला काही तरी हवे, असा हा सरळ हिशेब होता.

रात्री मंडळी सूरसागराकाठी जमतात. तळ्याच्या मधोमध भव्य शिवमूर्ती आहे आणि काठावर मोकळी हवा. जवळच सेव-उसळ मिळते. हा पदार्थ आज बडोद्याची ओळख मानला जातो. त्याचे मूळ कोणाचे ह्यावर गुजराती आणि मराठी मित्रांत वाद होतो खरा, पण 'उसळ' हा शब्दच निकाल देऊन टाकतो. तिखट बेताने घ्यावे, आणि बर्फाचे पाणी पिण्यापूर्वी ते कुठून आले हे पाहावे.

पाण्याचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. उन्हाळ्यात मुलांना पाण्याची ओढ असते. तळे दिसले की नाव हवी असते. २०२४ च्या जानेवारीत, १८ तारखेला, बडोद्याच्या हरणी तळ्यात शाळेच्या सहलीतली नाव उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडून मृत्यू पावल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि कित्येक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवायचे. सहलीला निघालेल्या मातापित्यांनी आणि शिक्षकांनी मात्र नावेत पाय ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: ह्या नावेत किती माणसे बसण्याची परवानगी आहे, आणि प्रत्येकासाठी जॅकेट आहे काय? उत्तर देणारा चिडला तर खुशाल चिडू द्यावे आणि मुलाला हाताशी धरून काठावरूनच परत यावे. हे प्रश्न विचारणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते. पाहुण्यांना तर अधिकच, कारण यजमान संकोचतात. हा संकोच सोडावा. ज्या शहराने १८९२ साली अजव्याचा सुमारे पाच किलोमीटर लांबीचा मातीचा बांध पुरा केला आणि तिथले पाणी केवळ उताराच्या जोरावर घराघरांपर्यंत आणले, त्या शहराला पाण्यापाशी काळजी घेणे काही नवे नाही.

अजव्याच्या आधीही ह्या प्रदेशाने पाणी आणि उन्हाळा ह्यांचा मेळ घातला होता, तो वावींच्या रूपाने. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. राजवाड्याच्या परिसरातल्या नवलखी वावेवर १४०५ सालाचा लेख आहे. ती पाहण्याची मुभा मिळते की नाही हे तिथे विचारावे. न मिळाल्यास शहराच्या पश्चिमेस शेवासी गावात विद्याधर वाव आहे. पायऱ्या उतरताना प्रत्येक मजल्याला हवा बदलत जाते. वर कपाळ भाजत असते. तीन मजले खाली गेल्यावर दगड हाताला गार लागतो. पाणी भरायला आलेल्या बायका आणि वाटसरू ह्या मजल्यांवर विसावत असत. म्हणजे ज्याला आज उन्हाळी विश्रामस्थान म्हणतात ते ह्या मुलखात सहा शतकांपूर्वी, जमिनीच्या पोटात, सर्वांसाठी बांधलेले होते. कठड्याशी मुलांना एकटे सोडू नये.

ह्याच वाटेने पुढे चांपानेरचा विचार करावा. सुमारे पन्नास किलोमीटरवर पावागडाच्या पायथ्याशी हे ओसाड नगर आहे. महमूद बेगड्याने १४८४ साली दीर्घ वेढ्यानंतर गड जिंकून ते उभारले, १५३५ साली हुमायूनने ते घेतले, आणि त्यानंतर झाडीने त्याचा ताबा घेतला. २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. जामा मशिदीचे कोरीवकाम आणि गोगलगाईच्या शंखासारखी फिरत उतरणारी वाव पाहण्यासाठी उजाडता उजाडता पोहोचावे. दहानंतर तिथला दगड तापतो. गडावर कालिकामातेचे स्थान आहे. चैत्री नवरात्रात तिथे लोटणारी गर्दी पाहता वृद्ध आणि लहान मुले बरोबर असतील तर ते नऊ दिवस टाळलेले बरे.

नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा पुतळा पाहण्याचा हट्ट मुले धरतातच. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. १८२ मीटर उंचीचा हा पुतळा २०१८ च्या ३१ ऑक्टोबर रोजी उभा राहिला; त्याचे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. सोमवारी तिथे सुटी असते. पोहोचायला दुपार करू नये. तळपत्या फरशीवर लहान मुलांचे हाल होतात. सायंकाळचा दिव्यांचा खेळ पाहून परतावे. जाताना डभोई वाटेत लागते. तिथला हिरा भागोळ हा तेराव्या शतकातला वेशीचा दरवाजा पाच-दहा मिनिटे थांबून पाहण्यासारखा आहे; आणि मुलांना एक गंमतही सांगता येते. डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची आगगाडी १८६२ साली सुरू झाली तेव्हा तिला ओढायला इंजिन नव्हते; बैल जुंपलेले असत. बैलांची आगगाडी म्हटले की मागच्या सीटवरचे भांडण थांबते.

ज्यांना शहराबाहेर पडायचे नाही त्यांच्यासाठी लष्कराच्या आवारातले दक्षिणामूर्तीचे मंदिर आहे. १९६६ साली सैनिक अभियंत्यांनी बांधलेली ही वास्तू ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढविलेली आहे, आणि तिच्या रचनेत निरनिराळ्या धर्मांची चिन्हे एकत्र आणली आहेत. लष्करी हद्द असल्याने प्रवेशाच्या वेळा आणि ओळखपत्राची चौकशी आधी करावी.

परतीच्या गाडीपूर्वी पिशवीत लीला चिवडा आणि भाकरवडी जातेच. लीला चिवडा ओलसर असतो, बटाटा आणि चण्याच्या डाळीचा. लांबच्या प्रवासात तो प्रथम संपवावा, भाकरवडी टिकते.

काही पाहुणे ज्येष्ठी पौर्णिमेपर्यंत राहतात. त्या दिवशी सकाळी शहरभर वडांना सूत गुंडाळलेले दिसते. बडोद्याचे जुने नाव वटपद्रक. इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात ते येते, आणि तेव्हा हे अकोट्याजवळचे एक खेडे होते. वटसावित्री झाली की आभाळ भरू लागते, सूरसागरावरची गर्दी लवकर पांगते, आणि काळ्या घोड्याजवळच्या पुलावर विश्वामित्रीची पातळी फुटांत वाचली जाऊ लागते. धोक्याची खूण २६ फुटांवर आहे.